दहा लाखात एक

सत्तर किलो वजनाचा, रोज दोन लिटर पाणी पिणारा आणि जन्मापासून सत्तर वर्षं एकाच घरात राहणारा एक माणूस आहे. मला तो आयुष्यात कधी भेटला नाही. पण पाण्यात अमुक विष असलं तर कॅन्सरचा धोका किती, हे गणित ज्या पुस्तकांत शिकवतात, त्या पुस्तकांत हाच गृहस्थ ठाण मांडून बसलेला असतो. त्याला ना बाळंतपण, ना उपास, ना एप्रिलचं ऊन. आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये दोन लिटर पाणी दुपारच्या भाकरीआधीच संपतं. आणि आमच्या गल्लीत सत्तर किलोची बाई हवी असेल, तर काट्यावर दोघींना एकदम उभं करावं लागेल.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सासर सूत रंगवणाऱ्यांचं. पुढं आमचं घर आणि मागं डाइंग, म्हणजे टॉवेल-चादरीचं सूत रंगवायचा कारखाना. मधल्या अंगणात बोअर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही येईलच असं नाही, त्यामुळं त्या बोअरवर आमचंच नव्हे तर अर्ध्या गल्लीचं चालतं. बोअर लागलं तेव्हा सासऱ्यांनी भिंतीबाहेर एक तोटी काढून दिली. कुणीही यावं, भरून न्यावं. सासरे गेले, तोटी राहिली.

तोटीची मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो, आणि गल्लीही अव्वाच म्हणते. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, पाण्याचा दुष्काळ बघितलेलं. त्यांचा एकच कायदा: पाण्याला नाही म्हणायचं नाही. एकदा एका बाईशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, अगदी एकमेकींची खानदानं काढून. दुसऱ्या दिवशी तीच बाई घागर घेऊन आली तेव्हा अव्वांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि तोटी सोडून दिली.

तर एका सरकारी ऑफिसनं आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याची तपासणी काढली. पाणी लॅबमध्ये तपासून आलं, आणि त्यावरून धोक्याचं गणित मांडायचं काम आमच्या कॉलेजकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. बाकीच्या सगळ्यांना नेमकी तेव्हाच कामं निघाली होती. आमच्या तोटीची बाटली मी स्वतः भरून दिली होती. मनात काही नव्हतं. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. अव्वा तर म्हणायच्या, ह्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजती.

आमच्याच बाटलीत क्रोमियम निघालं. क्रोमियम दोन तऱ्हेचं असतं, एक गरीब आणि एक घातक. आमचं घातक. ते कुठून आलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांच्या काळात रंग पक्का करायला बायक्रोमेटचे नारिंगी खडे वापरायचे आणि उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे. तेव्हा सगळेच सोडायचे. ते बंद होऊनही पुष्कळ वर्षं झाली. पण जे जमिनीत मुरलं ते मुरलं.

आता गणित. अशा कामात एक रेषा धरतात. आयुष्यभर ते पाणी पिऊन दहा लाख माणसांत एकाला जादा कॅन्सर होणार असेल, तर तेवढं चालवून घ्यायचं. त्याच्या वर गेलं की चिंता करायची. मी पुस्तकातल्या सत्तर किलोच्या माणसाला आमच्या तोटीवर उभा केला आणि हिशेब मांडला. आकडा रेषेच्या जरासा खाली आला. सुटलो म्हणून मी चहा टाकला. चहा टाकता टाकता अव्वा दिसल्या, पायरीवर बसून शेंगा फोडणाऱ्या, स्वतःच मुठीत मावतील एवढ्या. चहा तसाच ठेवून मी परत बसले. माणसाच्या जागी आमच्या गल्लीतली बाई घातली, तिचं वजन, तिचं उन्हाळ्यातलं पाणी. आकडा रेषेच्या वर गेला.

आमच्या ह्यांना मी जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

"पुस्तकात जो माणूस दिलाय तोच घे की," हे म्हणाले. "तू काय पुस्तकापेक्षा शहाणी?"

"अहो, तो माणूस आपल्या तोटीवर पाणी भरतो का?"

"डाइंगला कुलूप लागलं तर मागं कामाला येणाऱ्यांनी कुठं जायचं ते पण घाल मग तुझ्या गणितात."

ह्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही म्हणता येईना. मी त्या कामगारांच्या पोरांची नावं ओळखते, दिवाळीला ती घरी येतात. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं. आणि माझ्या दोन्हीकडं बायक्रोमेट. आठवडाभर मला घरातली भिंतसुद्धा अंगावर येत होती. शेवटी मी बायकांचं वजन घातलेलाच आकडा दिला. ऑफिसातल्या साहेबांनी तो वाचला आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांच्याच चहात काही टाकलं होतं. "मॅडम, पुस्तकातला माणूस सोडून तुम्ही ही नवीन बाई कुठून आणली? आता वर मला उत्तर द्यावं लागणार." मग म्हणाले, "बघू." ह्या 'बघू'ला आमच्याकडं तळ नसतो. आजतागायत ते बघतायत.

खरी धास्ती मला वेगळीच होती. आमच्या समोर एक तेलुगू विणकर कुटुंब राहतं. त्यांची सून माझी विद्यार्थिनी, बारावीपर्यंत माझ्याकडं होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा दिवस जाऊन वाया गेलेले, आणि आता तिसऱ्यांदा पोट दिसायला लागलं होतं. पोरगी पाय टाकायची तेसुद्धा कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी. घरात माणसं भरपूर, विकतच्या पाण्याचा जार यायचा तो दुपारपर्यंत टिकायचा नाही. मग ही आमच्या तोटीवर. ती पाणी प्यायची, उद्या तिचं तान्हं तेच पाणी पिणार. आणि ह्या असल्या विषाला तान्ह्या जिवाइतकं सोपं कुणी नसतं, कारण पुढं त्याला मुरायला आख्खं आयुष्य मिळतं.

तोटीवर बायका जमल्या होत्या तेव्हाच मी बाहेर जाऊन सगळं सांगून टाकलं. क्रोमियम सांगितलं, कॅन्सर सांगितला. "प्यायला हे पाणी नको," म्हणाले. कुणीतरी विचारलं, "किती धोका हाय म्हणायचा?" आणि मी, मास्तरीण ती मास्तरीणच, त्यांना रेषा समजावून सांगायला लागले. दहा लाखात एक म्हणजे काय आणि आपण त्याच्या वर कसे.

वर-खाली कुणाच्या कानात शिरलंच नाही. "सोलापुरात माणसं किती ओ?" मागून एकीनं विचारलं.

"असतील दहा लाखाच्या आसपास."

"म्हंजे आख्ख्या सोलापुरात एक! ती काय आपल्याच गल्लीत बसलीय व्हय?"

"आगं, लाखात एक सून कुणाला मिळाली न्हाय, तर दहा लाखात एक रोग कुटला मिळतोय!" दुसरी म्हणाली, आणि जी हसाहशी सुरू झाली ती काही आवरेना. मी ओरडून सांगतेय की अहो, तो नुसता मोजायचा काटा आहे, तसं एकेक माणूस धरून नसतं. कोण ऐकतंय! घागरी भरल्या आणि बायका गेल्या.

समोरची मात्र हसली नव्हती. घागर कडेवर न घेता तशीच उभी राहिली.

"मॅडम, एवढंच सांगा की ओ. मी पिऊ का नको?"

"शक्यतो नको."

"शक्यतो म्हंजे? आमी पेपरात शक्यतो लिहिलं तर तुमी मार्क कापत होता की."

तिनं आवाज एकदम खाली आणला. "ती एक कोण, मॅडम? मी तर नाही ना?"

असं नाव काढून सांगता येत नाही, म्हणाले मी. ते खरंच होतं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून मला माझ्या खऱ्याचीच चीड आली. वीस वर्षं मुलांना शिकवतेय, आणि एका पोरीला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

हे सगळं अव्वांनी पायरीवरून ऐकलेलं. मी आत आले तशा म्हणाल्या, "मग काय ठरलं?"

"कशाचं?"

"त्या एकीचं. कुणाला द्यायचं?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी तळ्यातला गाळ काढायचा असला की दवंडी व्हायची, घरटी एक माणूस. प्रत्येक घरानं एक द्यायचा, आणि एक दिला की घरातले बाकीचे मोकळे. मग घराघरांत ठरायचं, कुणाला द्यायचं. ज्याच्यावाचून घरात कमी अडतं, तो जायचा.

"तसंच हे की," अव्वा म्हणाल्या. "सोलापुरातनं एक द्यायचाय. मी जाते. माजं आता कुणाचं काय अडतंय?"

मला हसावं का कपाळ बडवून घ्यावं कळेना. मी खाली बसून त्यांना समजावलं. म्हटलं, अव्वा, ही दवंडी नाही. एकाला झालं म्हणून दुसऱ्याला सुटका नाही. पाण्याला काय कळतंय कोण आलं आणि कोण राहिलं? त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजं शिक्षण तुज्यापाशी. जीव घ्यायला जो येतो, त्येला मोजून दिलं की तो जातो."

दुसऱ्या दिवशी मी घरात जार लावला. अव्वांच्या तांब्यात मीच ओतला. त्यांनी तांब्या बाजूला सारला. "ब्याडा," म्हणाल्या. नको म्हणायचं असलं की त्यांना हमखास कानडी सुचतं. "दारात लोक जे पाणी पितात ते मी पिणार. मी जार प्यायले तर ती एक मी कशी होणार?" आणि काठी टेकत स्वतः तोटीवर गेल्या. हे बघत होते. हे आईला एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडं मात्र असे बघत राहिले की जणू क्रोमियम मीच आणून सोडलंय.

मी म्हटलं, तोटीच बंद करू. ह्यांनी साफ नाही म्हटलं. तोटी बंद केली की लोक म्हणणार, बघा, ह्यांना आधीपासून माहीत होतं. अव्वांचं वेगळंच. "नळाला पानी न्हाय, तोटीला न्हाय, मग बायांनी धुणं काय थुकीनं धुवायचं?" दोघंही आपापल्या जागी खरे. मी तोटीला लाल रंग देऊन घेतला, की पिण्याचं नाही हे कळावं. पुढच्याच सणाला कुणीतरी तिला हळदीकुंकू लावून गेलं. अव्वांनी तोटी सजवली असं वाटलं म्हणे!

आणि मग एका सकाळी समोरची पोरगी हसत आली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघितलं. कळशी तोटीखाली लावली, ओंजळ धरली आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायली.

"अगं, काय करतीस!" मी ओरडलेच.

"काय होत नाही ओ मॅडम. अव्वा बोलल्या मला. ती जागा भरली म्हणे."

माझं डोकं असं फिरलं की मला काही दिसेना. मी तशीच आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले. म्हटलं, अव्वा, ती पोरगी तुमच्या शब्दावर ते पाणी प्यायला लागलीय. मी सांगून सांगून दमले तेव्हा निदान ती घाबरत तरी होती, घोट घेताना विचार करत होती. तुम्ही तिची भीती काढून घेतलीत. तुम्ही काय वाचवलं तिला? तुम्ही तिला ढकललंत.

अव्वांनी हातातली शेंग सुपात परत ठेवली. तोंडावरचं रक्तच गेलं त्यांच्या. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. मी दोनदा ताट घेऊन गेले, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अव्वांनी प्लास्टिकची खुर्ची काढायला लावली आणि तोटीपाशी जाऊन बसल्या, काठी मांडीवर आडवी. जी घागर आली तिला एकच, "धुण्याभांड्याला ने. प्यायला न्हाय." ज्या बाईनं आयुष्यात पाण्याला नाही म्हटलं नव्हतं, ती गल्लीभर नाही म्हणत होती. बायका चिडल्या. एक म्हणाली, "अव्वा, अन् तुमी का पिता मग?" "माजं ठरलंय," अव्वा म्हणाल्या, "तुजं न्हाय."

समोरची आली तेव्हा मात्र त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिचा हात धरला. "मी चुकीचं बोल्ले पोरी. जागाबिगा काय नसती. माज्या सुनेचं ऐक, हे तोंडात घालू नकोस." आणि मला हाक मारून घरातला जार तिच्याकडं पाठवून दिला.

मी दुसरा जार मागवला. तो दुपारी कोपऱ्यावरच्या बाळंतिणीकडं गेला. मी आणखी मागवला, तोही गेला. जार आमच्या उंबऱ्याच्या आत टिकेचना. जितकं चांगलं पाणी घरात येई तितकं ह्या बाई दाराबाहेर काढत, आणि स्वतः बसून बोअरचं पीत. जागाबिगा नसते हे तर आता त्यांनाही कळलं होतं. मग का? विचारलं तर म्हणायच्या, "सवय हाय गं."

समोरच्या पोरीला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रडायला लागली की आमच्या घरापर्यंत ऐकू येणारी. सव्वा महिन्यानंतर ती बाळ घेऊन आली आणि तिनं ते अव्वांच्या मांडीवर दिलं. अव्वांनी पोरीची मूठ उघडून बघितली, बोटं मोजली, कानडीत कायतरी पुटपुटल्या. मग ती बाळ घेऊन गेली. मी जवळच भाजी निवडत होते.

"एक विचारू का?" अव्वा म्हणाल्या. "खरं सांगशील?"

"विचारा की."

"मला हुईल का गं ते?"

मी वर बघितलं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. इतके दिवस ही बाई खुर्ची टाकून सगळ्या गल्लीला दरडावत होती आणि आतून घाबरली होती. प्रत्येक घोट घाबरत घेत होती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला वाटलं होतं, अडाणी हट्ट आहे.

मी ते गणित कधीच करून ठेवलं होतं. कुणाला दाखवलं नव्हतं. असलं विष पोटात गेलं म्हणून लगेच काही होत नसतं. रोग उगवायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं घेतो. समोरच्या तान्ह्या पोरीपाशी ती वर्षं आहेत. अव्वांपाशी नाहीत. आजपासून त्यांनी कितीही प्यायलं तरी त्यांच्या नावावर फारसं काही चढत नव्हतं. गल्लीत कुणीतरी एकानं हे पाणी प्यावंच लागलं असतं, तर गणितानंही त्यांचंच नाव काढलं असतं. हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

"नाही होणार, अव्वा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला कुठलंच उत्तर कधी नक्की देता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. हळूहळू त्यांची काठीवरची पकड सैल झाली. मग त्या हसल्या, बोळक्या तोंडानं, अगदी मनापासून.

"तेवढी जगत न्हाय म्हण की सरळ!"

माझा बांध फुटला. भाजीचं ताट बाजूला सारून मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडले. त्या माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या.

"आता रडतीस कशाला? चांगलं सांगितलंस की. भ्या गेलं माजं." मग म्हणाल्या, "ऊठ. घसा सुकलाय. पानी आण."

मी डोळे पुसून जारकडं गेले.

"तितलं न्हाय," अव्वा म्हणाल्या. "ते लेकरवाळीला ठेव."

मी बाहेर गेले आणि तोटीवरून तांब्या भरून आणला.